वापरलेली रिबन

बिबवेवाडीत शैलाताई सोनवण्यांचा फोटो स्टुडिओ. नवरा गेल्यावर बाईंनी डार्करूम एकटीनं चालवली. निगेटिव्ह नुसती उजेडात धरली की माणूस ओळखायच्या. मग आयटीतल्या पोरांना व्हिसाचे फोटो उभ्या उभ्या हवे झाले, म्हणून त्यांनी रिबनचा प्रिंटर घेतला.

काय ते यंत्र! कागद आत जातो, बाहेर येतो. आधी नुसता पिवळा, मग त्यावर गुलाबी, मग निळा. रिबनवरचा रंग तापून वाफ होतो नि कागदात शिरतो, शेवटी वरून पारदर्शक लेप. फोटो हातात येतो तो कोरडा ठणठणीत! "आणि डिलीट केलं की मागे काही उरत नाही हो," असं शैलाताई गिऱ्हाइकांना ठासून सांगायच्या.

वापरलेली रिबन मात्र त्यांना टाकवेना. एवढी रंगीत, चकचकीत वस्तू कचऱ्यात? छे! भीमजयंतीला गल्लीत तिचीच तोरणं बांधायची ठरवली. सकाळी स्टुलावर चढून पहिली माळ उन्हात धरली आणि बाईंचे हात जागीच थांबले.

पिवळ्या तुकड्यात दोन माणसं होती. जिथला रंग कागदात गेला, तिथं रिबन फिकी पडली होती. अगं बाई, ही तर निगेटिव्ह! केस पांढरेफटक, दात गडद. दुसऱ्या कुणाला ते डाग वाटले असते. शैलाताईंना लेक दिसली. चैताली. गळ्यात हार. शेजारी हार घातलेला कुणी अनोळखी पोरगा. पुढच्या गुलाबी तुकड्यात पुन्हा तीच दोघं, निळ्यातही तीच.

खाली उतरून त्या मटकन पायरीवर बसल्या. अख्ख्या वस्तीची लग्नं आपण टिपली, आणि पोटच्या पोरीचं लग्न आपल्याला या रिबननं सांगावं? तेही आपल्याच यंत्रावर, आपली पाठ फिरल्यावर! रडूसुद्धा फुटेना.

चैताली चहा घेऊन आली. आईनं माळ तिच्या तोंडासमोर धरली. कप खाली ठेवून तिनं निरखून पाहिलं आणि ते दोन हार ओळखले.

"आई... मी तर डिलीट केला होता गं."

"हो ना. मीच शिकवलंय. नाव काय त्याचं?"

"अभय. रजिस्टर केलं आम्ही. तू नाही म्हणशील म्हणून..."

"विचारलंस कधी?"

शैलाताई पुन्हा रिबनकडे बघू लागल्या.

"फोटो कुणी काढला?"

"त्याच्या मित्रानं."

"तरीच. नवऱ्याचं अर्धं तोंड काळोखात गेलंय." बाईंनी चहाचा कप उचलला. "घेऊन ये त्याला. माझ्या जावयाचं तोंड मला नीट बघू दे."