काकूंसाठी बसवलेली जादा चाकं

काका कधी हात मिळवत नसत. कोपर पुढे करत. हाताला ग्रीस असतं, हे त्यामागचं कारण. पण आंघोळ करून, भांग पाडून जेवायला आले तरी पुढे यायचं ते कोपरच. आमच्या लॉजचा ऑस्ट्रेलियन मॅनेजरही रोज सकाळी गंभीर चेहऱ्याने त्यांच्या कोपराला कोपर लावायचा.

आमच्यासारख्यांची स्टुडंट व्हिसावर झुंबड उडाली होती, ती ही वर्षं. सिडनीतल्या वेस्टमीडच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही मुली दाटीवाटीने राहायचो आणि सुट्टी लागली की मिळेल ते काम धरायचो. माझ्या कॉलेजची सुट्टी हिवाळ्याच्या शेवटी, म्हणजे तिकडच्या ऑगस्ट-सप्टेंबरात यायची, म्हणून मी स्नोई माउंटन्समधल्या एका लॉजवर भांडी घासायला गेले. "ऑस्ट्रेलियात कसला आलाय बर्फ?" आईने फोनवर विचारलं. पडतो, पण बेताचा. दोन दिवस ऊन लागलं की खालचा चिखल दिसायला लागतो.

काका तिथल्या वर्कशॉपचे प्रमुख होते. पिंपरीच्या कारखान्यातून स्किल्ड व्हिसावर आलेले इंजिनिअर. उन्हाळाभर पॅरामॅटाच्या ऑफिसात ड्रॉइंग तपासायचे आणि हिवाळा लागला की डोंगरावर पळायचे. काकू वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होत्या. "तिकडे एवढं काय ठेवलंय?" हा काकूंचा प्रश्न आणि "एकदा येऊन बघ तरी" हे काकांचं उत्तर. असे वाद तुम्हीही घरोघरी ऐकले असतील.

आदल्या वर्षी त्या खरंच आल्या होत्या. वर्कशॉपमध्ये काका दरवर्षी गणपती बसवत, म्हणून मूर्ती घेऊन आल्या. पार्किंगपासून वर यायला स्नोमोबिलशिवाय, म्हणजे बर्फावरच्या स्कूटरशिवाय साधन नाही, आणि काकूंचे गुडघे दुखरे. वाटेत एक उघडा टप्पा लागतो, नुसते दगड आणि चिखल. तिथे सीटखालून धूर निघाला, जळक्या प्लास्टिकचा वास सुटला आणि मशीन बंद पडलं. काकू उतरल्या. मूर्ती पोटाशी धरून, त्या गुडघ्यांनिशी चालत पार्किंगला परत गेल्या. "तुमच्या या खेचरावर मी पुन्हा बसायची नाही," म्हणाल्या आणि सिडनीला निघून गेल्या. काका हे हसतहसत सांगायचे. सांगून झालं की उगाचच पाना शोधत बसायचे.

या वर्षी काकूंना वर आणायचंच, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता.

"हे बघ," त्यांनी मशीन आडवं करून मला दाखवलं. "खाली हा रबरी पट्टा फिरतो. तो या रुळांखाली लावलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून घसरतो. बर्फ असला की पट्ट्या गार राहतात, नसला की वितळतात. मध्ये आणखी चाकांची जोडी बसवली, तर भार चाकांवर जाईल. ही चाकं मशीन ओढत नाहीत, नुसती फिरतात. रिकामटेकडी. पण घरात असं एक माणूस लागतं." आणि स्वतःकडे बोट दाखवलं.

मॅनेजरला हे पटेना. "इट्स गॉट प्लेंटी ऑफ व्हील्स, मेट."

"नो वरीज, मेट. टू मोअर."

"भोक पाडताना रूळ तडकला तर?"

"तर मी तिला खांद्यावर आणीन."

मॅनेजर हसला आणि तिथेच फसला.

रुळाला भोक पाडताना काकांनी कुणाला शब्द काढू दिला नाही. पहिल्या खेपेला चाकं जरा खाली आली आणि मशीन पायात काटा रुतल्यासारखं लंगडायला लागलं. चाकं काढली, वर घेतली, पुन्हा बसवली. मग वजनाची चाचणी. काकूंना फोनवर वजन विचारायचं धाडस त्यांनी केलं. त्यांनी सांगितलेल्या आकड्याइतका तांदूळ मी किचनमधून आणून सीटवर बांधला. काकांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "अजून एक पोतं आण."

काकू आल्या. मूर्ती मांडीवर. काकांनी शास्त्र म्हणून मशीनपुढे लिंबू ठेवलं, पण स्नोमोबिलला पुढे चाक कुठलं? असते ती पट्टी, स्कीसारखी. लिंबू न फुटता बर्फात गडप झालं.

"आता शकुन झाला का नाही?" काकूंनी विचारलं.

"गाडलं गेलं म्हणजे झालाच," काका म्हणाले.

मी चालत पुढे जाऊन चिखलाच्या टप्प्याच्या वर थांबले होते आणि तिथून बघत होते. मशीन अर्ध्यात थांबलं. काका उतरले, गुडघ्यावर बसले, खाली हात घालून ओरडले, "गार आहे!"

"अहो, मागे बसलेल्या माणसाला विचारा आधी, गार पडलंय का म्हणून!"

त्या वर्षी आरती दणक्यात झाली. मॅनेजर टाळ्या चुकीच्या ठिकाणी वाजवत होता. विसर्जन वितळवलेल्या बर्फाच्या बादलीत केलं. दुपारी काकू वर्कशॉपच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि काकांना काम करताना बघायच्या. "घरी बल्ब बदलायला सांगितला तर आठ दिवस लावतात," मला म्हणाल्या, "आणि इथे बघ कसे लहान पोरासारखे खूश आहेत." त्यानंतर तो जुना प्रश्न त्यांनी विचारला नाही.

त्या उन्हाळ्यात काका गेले. ऑफिसात, डबा खाताना. मला फार लागलं ते. परदेशात हक्काने रागावणारं माणूस एकच होतं.

पुढच्या हिवाळ्यात घरात सण नव्हता, मूर्ती नव्हती. काकांची हत्यारं वर्कशॉपमध्येच पडून होती. मॅनेजर म्हणाला, खोका खाली पाठवतो. काकू म्हणाल्या, नको, मी येते. मी त्यांना घ्यायला खाली गेले. मशीन तेच होतं. मी पुढे बसायला लागले तर त्यांनी मला दंडाला धरून बाजूला केलं.

"हे कसं चालवायचं, ते सांग."

"काकू, गुडघे..."

"अंगठ्याने चालवतात ना? बस मागे."

मी सांगितलं, उजव्या मुठीजवळची कळ अंगठ्याने दाबली की वेग वाढतो. दोनदा गचका बसला, मग मशीन चालायला लागलं. पुढे बर्फ संपून काळा चिखल दिसला, तशी मी घाबरून म्हणाले, "काकू, हळू. इथे थांबून बघूया."

त्यांनी मान वळवली नाही. अंगठा आणखी दाबला.

"कशाला थांबायचं? चाकं त्यांनी बसवलीत, पोरी. घट्ट धर."