धाकटीला पोहता येत नाही

माझ्या ताईने भूकंपाच्या लाटांना आम्हा दोघी बहिणींची नावं देऊन टाकली होती, तीही मला न विचारता. नांदगावच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. पुस्तकातल्या प्राथमिक आणि दुय्यम लाटा तिच्या वर्गात थोरली आणि धाकटी झाल्या. "थोरली आधी येते, भांडी वाजवून वर्दी देते. धाकटी मागून येते आणि अख्खं घर हलवते," असं सांगून वर म्हणायची, "आमच्याकडे अगदी हेच आहे." एकदा मी तिच्या शाळेत गेले, तर पोरं मला बघून बाकं घट्ट धरून बसली!

मुलांना ती ओळीत उभं करून पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायला लावायची आणि शेवटच्याला हलकेच ढकलायची. "मनमाडला इंजिन गाडीला लागतं तेव्हा काय होतं? धक्का पार टोकाच्या डब्यापर्यंत जातो, डबे जागच्या जागीच. ही थोरली." मग ती दोरी आडवी हलवायची. दोरीतून नागमोडी सरकत जायची ती धाकटी. "पाणी ढकललं तर धक्का पुढे देतं. आडवं ओढलं तर नुसतं निसटतं. म्हणून धाकटी पाण्यातून जात नाही."

परीक्षेत एका मुलीने लिहिलं, 'पृथ्वीच्या पोटात द्रव आहे हे कळले, कारण धाकटीला पोहता येत नाही.' मुख्याध्यापक चिडले. ताईने दिलेले गुण काही कमी केले नाहीत. "चूक कुठाय, सर? पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूच्या भूकंपमापक यंत्रांवर धाकटी पोचलीच नाही, तेव्हाच तर कळलं!" ती मुलगी पुढे मलाच विचारत होती, "मावशी, तुमाला खरंच पवता येत नाय का?" येत नाही. गोदावरीत मी गुडघ्यापुढे कधी गेलेले नाही.

आई लवकर गेली, मला ताईनेच वाढवलं. शेवटच्या आजारपणात ती द्वारका चौकाजवळच्या माझ्या घरी राहायला आली. डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तिच्याशिवाय कसं जगायचं, हेच मला कळत नव्हतं. एका दुपारी तिचे पाय चेपताना मी म्हणाले, "ताई, तू गेलीस की मीपण लगेच मागून येणार."

ती एकदम बाईंच्या आवाजात म्हणाली, "लगेच? वर्गात झोपली होतीस का गं? दोघींतलं अंतर कमी असलं की भूकंप जवळचा असतो, फार मोडतोड होते. तू सावकाश ये. चांगलं मोठं अंतर ठेव."

ती गेली. परवा सकाळी मांडणीवरचे डबे अचानक किणकिणले. "ताई आली!" मी मोठ्याने म्हणाले आणि ओटा धरून धाकटीची वाट बघत उभी राहिले. काहीच हललं नाही. चौकातून एखादा अवजड ट्रक गेला असणार. मला रडू आवरेना. बऱ्याच वेळाने डोळे पुसले आणि सरकलेले डबे पुन्हा नीट लावले. अंतर ठेवायचं आहे, चांगलं मोठं.