चूक नसलेल्या चुका

गोंदिया स्टेशनावर पुण्याची गाडी लागली तेव्हा बाबांनी माझी बॅग खिडकीतून आत ढकलली. सडक अर्जुनीला हायवेवर त्यांचं पंक्चरचं दुकान; बोटं कायमची काळी. म्हणाले, "दबून नोको राहू तिथं." माय गाडी हलेपर्यंत एवढंच विचारत होती, "डबा वर ठेवला ना? सांडून राहिला तं?"

दबले मी पहिल्याच आठवड्यात. सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात "मी येऊन राहिले" म्हटलं आणि चार जण हसले. एकानं विचारलं, "येऊन राहणार कुठे? रूम मिळाली का?" विनोद म्हणून हा फार फालतू होता, पण तो दोन वर्षं चालला. या लोकांना धानाचं झाड असतं की वेल, हे ठाऊक नाही, आणि शुद्ध काय ते हे ठरवणार. तरी मी आरशासमोर उभी राहून "येतेय, जातेय, करतेय" घोकलं. आज त्या मुलीची मला दया येत नाही. रागच येतो.

एका दिवाळीला ऑफिसातली मैत्रीण जंगल बघायला म्हणून माझ्यासोबत गावी आली. जेवताना माय तिच्या ताटात भात वाढत म्हणाली, "पोट्टी कायले लाजून राहिली? वरण वाढ तिले." मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी लगेच म्हणाले, "माय, पोट्टी नाही, मुलगी म्हणतात. आणि तिले नाही, तिला." मायचा हात थांबला. "बरं," म्हणाली, आणि जेवण संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मैत्रीण नंतर म्हणाली, तुझी आई शांत आहे. शांत! माझी माय ट्रक ड्रायव्हरशी भांडून पैसे वसूल करणारी बाई.

त्यानंतर फोन केला की ती बाबांकडे देऊ लागली.

इकडे आमच्या मॅनेजरला नवीन खूळ लागलं. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो, कर्नल, तो जगभरचे लोक मिळून लिहितात. कोणीही दुरुस्ती, म्हणजे पॅच, पाठवू शकतं, आणि ती स्वीकारली गेली की नाव कायमचं नोंदलं जातं. (बाबांना वाटलं, मी फौजेत गेले.) कंपनीतल्या लोकांची नावं तिथं झळकली पाहिजेत, असं मॅनेजरनं ठरवलं. कोडला हात लावायची कोणाचीच कुवत नव्हती. म्हणून सगळे कर्नलच्या माहितीच्या पानांतल्या स्पेलिंगच्या चुका शोधू लागले. एक जादा अक्षर खोडायचं आणि प्रोफाइलवर 'कर्नल काँट्रिब्युटर' लिहायचं! मॅनेजरनं दोनदा पडलेला एक शब्द एकदा केला आणि केक कापला. मीही तो केक खाल्ला.

मग खऱ्या चुका सापडेनात. मॅनेजर म्हणाला, "कलरच्या स्पेलिंगमध्ये यू आहे बघ कितीतरी ठिकाणी, अमेरिकेत तो लिहीत नाहीत. काढून टाक." मी चाळीस ठिकाणचा काढला, खाली माझं नाव लिहिलं आणि पाठवून दिलं.

दोन दिवसांनी ती पानं सांभाळणाऱ्या माणसाचं उत्तर आलं, सगळ्यांना दिसेल असं. "यात एकही चूक नाही. लिहिणारा जिथला आहे, तिथं असंच लिहितात. दोन्ही बरोबर आहेत. ज्याचं त्याचं लिहिणं तसंच राहू द्या."

मॅनेजरनं ऑफिसात सांगितलं, हा सगळा तिचाच उत्साह, मी सांगितलं नव्हतं. अपेक्षितच होतं, त्याच्याकडून मला कधीच कशाची आशा नव्हती. पण पॅच माझा होता. यू काढताना माझा हात एकदाही अडखळला नव्हता. जी माणसं मला हसली, त्यांच्यापेक्षा मी जास्त सफाईनं ते काम केलं होतं, आणि ते आधी घरातच करून झालं होतं.

संध्याकाळी घरी फोन केला. बाबांना म्हटलं, मायला द्या. ती आली. मी म्हटलं, "माय, काय करून राहिली वो?"

मागे एक ट्रक हॉर्न देत गेला. मग ती एकेक शब्द जपून उच्चारत बोलली, "मी स्वयंपाक करते आहे. तुझं जेवण झालं का?"

एकही चूक नव्हती.

गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही मोठे झालो. आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, तुम्ही विचारता घर म्हणजे काय. माझं मी सांगते: मी फोन केला की जिथली बाई बोलण्याआधी मनात वाक्य तपासून घेते, ते माझं घर.