चांदणीनं कान मागं टाकले तेव्हा

मंडळी, आत्ताच घडलंय ते सांगते.

आज पहाटं आमची घोडी चांदणी व्याली, शिंगरू झालं. वार, म्हणजे पिल्लामागची जार, अजून पडायची होती, म्हणून मी तबेल्यातच बसून होते.

तेवढ्यात खुलताबादहून मोठे दीर आले. "शिंगराला बाहेर घे, व्हिडिओ करायचाय."

"भावजी, आज जवळ नका जाऊ."

"घोडी माझी. तू मला शिकवती व्हय?"

ते मायलेकरांच्या मधे घुसले. चांदणीनं कान मागं टाकले अन् लाथ झाडली. थोडक्यात वाचले.

बाहेर येऊन घरभर सांगितलं, "हिनंच घोडी माझ्या अंगावर घातली."

मग माझ्या पाच वर्षांच्या पोरीचा हात धरून परत तबेल्याकडं निघाले. "चल, तुला काय करत नाय ती."

मी तबेल्याच्या दारात आडवी उभी राहिले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना अडवलं.

आता ते पोरीचा हात सोडून ओट्यावर बसलेत. चहा झालाय, पण न्यायला पाय उचलत नाय.

घोडीला कुणी जाब विचारणार नाय. मला विचारतील, मोठ्या दिरांना का अडवलं म्हणून. तुम्ही काय सांगितलं असतं?