मालनचं ऐकणारी माणसं

मालन गेल्याचं मला तिच्या घरून कळलं नाही. कळलं ते उंब्रजच्या सुभेदारांच्या फोनवरून. "बाई, आपल्या मालनबाई गेल्या वो…" एवढं बोलून त्यांचा आवाज चिरकला. मी माधवनगरला, तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि ही बातमी मला सातारा जिल्ह्यातून यावी! झोपेतच गेली ती. गोंधळलेल्या सुनेनं सासूच्या मोबाईलवरचा शेवटचा नंबर लावला, तो सुभेदारांचा निघाला. रडू नंतर आलं. आधी मनात आलं, 'आपल्या' मालनबाई? कुणाच्या?

आम्ही दोघी एकाच शाळेत भूगोल शिकवायचो. ती मालन चौगुले, नदीकाठच्या जैन शेतकऱ्याची लेक. मी शहरात वाढलेली. हवामानबदल म्हणजे काय हे तिला मी समजावलं, असं म्हटलं तर फुशारकी वाटेल, पण खरं आहे. शिक्षकांच्या खोलीत डबा खाताना मी सांगायची, धूर वर जाऊन काय करतो, समुद्र का तापतो… आणि ती घास हातात तसाच धरून ऐकायची. पुढं आम्ही निवृत्त झालो. मग कृष्णेचं पाणी तिच्या माहेरच्या माळ्यापर्यंत चढलं. ती गाळ उपसायला गेली आणि परतली ती वेगळीच होऊन. "नलू, घरात बसून भागायचं न्हाई. गावागावांत जाऊन बोलायचं. तू चल."

पहिली सभा उंब्रजला झाली. आधी मी बोलले. आलेख भिंतीवर लावले होते, उसाला लागणाऱ्या पाण्याचेसुद्धा, एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही. लोक जांभया देत होते. मग मालन उठली आणि बायकांकडं वळून म्हणाली, "आवं, यंदा वाळत घातलेल्या कुरडया कुणाकुणाच्या भिजल्या?" एकच कालवा झाला. कुणाच्या कुरडया, कुणाची हळद, कुणाच्या भावाच्या द्राक्षबागेचा चिखल… सगळ्यांचं बोलून होऊ दिलं आणि मग म्हणाली, "समुद्र तापला, की आभाळाचा स्वभाव बदलतो." ते वाक्य माझं होतं! डबा खाताना मीच तिला सांगितलेलं. तिच्या तोंडून ते निघालं आणि लोकांनी माना डोलावल्या.

तेव्हा सुभेदार उभे राहिले. फौजेतून निवृत्त, आता ऊस. "बाई, आमी लडाखला नोकरी केलीया. थंडी-ऊन आमाला शिकवू नका. आमच्या आज्याच्या वक्ताला बी पाऊस चुकायचाच. आन् पाणी लागतं म्हनून ऊस सोडायचा व्हय? खायाचं काय?" माझ्याकडं उत्तर होतं, ठिबक, पीकपालट, सगळं तयार होतं. मी उठतेय तोवर मालन म्हणाली, "उसाचं मलाबी सांगता यायचं न्हाई, सुभेदार. माझ्या भावाचं पोट त्याच्यावरच हाय. पण तोडणीनंतर पाचट पेटवता, त्याचा धूर तेवढा थांबवा. बाकीचं भांडाण पुढच्या खेपेला." लोक हसले. सुभेदारही हसले… आणि पुढच्या खेपेला खरंच भांडायला आले. त्याच्या पुढच्याही. एकदा त्यांनी तिला फोन केला, त्यांचा मुलगा आता लडाखलाच आहे, तो म्हणतो वडिलांनी सांगितलेलं बर्फ तिथं राहिलेलं नाही. त्या वर्षी त्यांच्या रानात पाचट पेटवलं नाही, कुजवलं. मालन मला हे सांगताना लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होती. मी विचारलं ते एवढंच, "तुझा नंबर त्यांच्याकडे कसा?"

मग कोरेगावकडूनही बोलावणी येऊ लागली, तीही तिलाच. ती मला ओढून न्यायची आणि प्रत्येक सभेत सांगायची, "मला हे सगळं आमच्या नलूनं शिकवलं." त्यावर टाळ्या पडायच्या, पण तिच्या मोठ्या मनाला. मी तिच्या शेजारी बसून त्या टाळ्या ऐकत असे. याहून ती माझं नाव विसरली असती तर बरं, असं वाटायचं…

ती गेल्यावर काही आठवड्यांनी सुभेदारांनी मला उंब्रजला बोलावलं. बसमध्ये एकाएकी जाणवलं, तिचं ऐकणारी माणसं गावोगाव आहेत. माझं बोलणं घास हातात धरून ऐकणारं माणूस एकच होतं. तेही या गावांनी नेलं होतं.

मी बोलले. बरं बोलले असावे. कुणी जांभई दिली नाही. नंतर चहा आला. बोलून झालं की मालन खुर्चीवर टिकायची नाही. बायकांत जाऊन, मंडपाच्या खांबाला पाठ टेकून, सतरंजीवर पाय पसरून बसायची. मीही उठून तिकडं गेले. बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि खांबापाशी मात्र एका माणसापुरती सतरंजी मोकळी होती. मी टेकणार, तोच एका म्हातारीनं माझा पदर धरला.

"तितं नगं, बाई. तितं मालनबाई बसत्यात."

बसत्यात… बसायच्या नव्हे. तिनं सरकून मला आपल्या शेजारी जागा करून दिली. मी चहा हातात धरून त्या मोकळ्या सतरंजीकडं बघत राहिले, आणि तिथं बसलेल्या माझ्या मैत्रिणीचा मला आयुष्यात कधी वाटला नव्हता एवढा हेवा वाटला.