ओट्यावरचं कार्पोरेशन

नागपूर शहर कार्पोरेशन चालवतं, असा लग्न होईपर्यंत माझा प्रामाणिक समज होता. लकडगंजात बिऱ्हाड मांडलं आणि पहिल्याच रविवारी तो समज पार धुऊन निघाला. सौ. न्हाणीघरात होती, मी बनियनवर खुर्चीत पेपर वाचत बसलो होतो, आणि काळी टोपी, स्वच्छ धोतर, काखेत छत्री असे एक उंचेपुरे गृहस्थ न विचारता आत आले. माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ मोरीपाशी जाऊन नळ सोडला, धारेखाली पंजा धरला, नाडी पाहिल्यासारखी मान हलवली आणि नळ बंद केला. मग मागच्या अंगणातल्या नळावर छत्रीचं टोक आपटून गरजले, "हा कोणाच्या परमिशननं बसवला?" मी नाशिककडचा, त्यातून सरकारी नोकर. इन्स्पेक्टरच आला असं समजून मी ताडकन उठलो, शर्ट उलटा चढवला आणि म्हणालो, "साहेब, तो आधीच्या भाडेकरूचा आहे. आम्ही त्याला हातसुद्धा लावत नाही." साहेबांनी नळाखालच्या बादलीत पाहिलं. तिच्यात माझा लेंगा भिजत होता. "मंग हा लेंगा बी आधीच्या भाडेकरूचाच का?" त्यांनी विचारलं. मी निमूटपणे आत जाऊन चहा टाकला. साहेब चहा पीत असताना मी हात बांधून उभा, तेवढ्यात सौ. ओले केस पुसत बाहेर आली आणि ओरडली, "अवो मामा, तुम्ही कधी आले? " आणि माझ्याकडे वळून, "अन् तुम्ही असे उभे काय, पाया पडा की!" मी वाकलो. वरून आवाज आला, "राहू दे वं. मले साहेब म्हणून राहिले जवाईबापू. पोरगा चांगला आहे. खोटं बोलता येत नाही त्याले."

हे आमच्या सौ.चे मोठे मामा. सगळी गल्ली त्यांना मामाजी म्हणायची. सख्ख्या भाचीच्या लग्नाला हा माणूस आलाच नव्हता, म्हणून तर मी त्यांना ओळखलं नाही. लग्नाच्या दिवशी गल्लीत पाण्याचा नवा पाइप टाकत होते. "लग्नाचे मुहूर्त मायंदाळे निघतात," असं त्यांनी नंतर मला शांतपणे ऐकवलं, "पाइप एकदाच पडते." असं कारण देऊन कोणी माझ्या लग्नाला गैरहजर राहिलं, याचा धक्का मला बराच काळ पुरला. आणखी वाईट हे की, तो पाइप आमच्या घरापर्यंत आला होता आणि त्यामुळे मला रागावताही येईना.

आमची गल्ली लाकडाच्या टालींच्या, म्हणजे वखारींच्या, मागची. एका अंगाला टालींच्या भिंती, दुसऱ्या अंगाला घरं, आणि प्रत्येक घराचा ओटा रस्त्यात थोडा थोडा पुढे आलेला, जेवायला बसलेल्या माणसाचं पोट पुढे यावं तसा. मामाजींचं घर गल्लीच्या तोंडाशी, ऐन वळणावर, आणि त्यांचा ओटा सगळ्यांत मोठा. काळ्या दगडाची कड, बसून बसून गुळगुळीत झालेली. सकाळी मामाजी त्या ओट्यावर पितळेची परात आणि लाटणं घेऊन बसत. परातीचे संथ टोले पडले की नळ येणार. भरभर पडले की देवीची लस टोचणारे आले, पोरांना बाहेर काढा. आणि परातीच्या कडेवरून लाटणं नुसतं खरवडलं की कुत्री पकडणारी गाडी. या तिसऱ्या आवाजाचा अर्थ माणसांच्या आधी कुत्र्यांना कळायचा. गाडीवाले गल्लीत येत, तेव्हा तिथं एक शेपूट दिसत नसे. "तुमच्या गल्लीत कुत्रेच नाहीत का?" असं त्यातल्या एकानं विचारलं, तेव्हा मामाजी म्हणाले, "होते. पण शिकलेसवरले निघाले."

कार्पोरेशनच्या कचेरीत ते दर सोमवारी जात, लोक महादेवाला जातात तसे. नैवेद्य म्हणून मामींनी केलेल्या सांबारवड्यांचा डबा; सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर. तिथल्या इंजिनिअरला ते 'आपला इंजिनिअर' म्हणत आणि आमच्या गल्लीतल्या विजेच्या खांबाला 'आपला खांब'. त्याचा दिवा गेला की मामाजींचं जेवण कमी व्हायचं. एकदा त्यांच्या पुतणीला सक्करदऱ्याकडचं स्थळ आलं होतं. मुलगा बी.एस्सी., घरचं खाऊनपिऊन सुखी. सगळे मुलाचा पगार विचारत होते. मामाजींनी एकच प्रश्न विचारला, "नळ वरच्या माळ्यावर येते का?" मुलाकडचे म्हणाले, नाही, खालूनच भरावं लागतं. मामाजी उठलेच. "बी.एस्सी. होऊन काय उपेग गा? जन्मभर पोरगी जिन्यानं पाणी वाहीन." स्थळ मोडलं! पुढे ती मुलगी कामठीला पडली, तळमजल्यावर, आणि सुखात आहे, हे मला कबूल केलं पाहिजे.

पण खरा धक्का मला बसला तो गल्लीचा मामाजींवरचा विश्वास पाहून. एकदा मामाजी पुतणीकडे कामठीला गेलेले असताना कार्पोरेशनचा रिक्षा भोंगा लावून गल्लीत आला. उद्या दिवसभर पाणी येणार नाही, नागरिकांनी साठा करून ठेवावा. स्वच्छ, खणखणीत आवाजात त्यानं हे पुन्हा पुन्हा सांगितलं. कोणी घागर हलवली नाही. समोरचा सोनार दातात काडी घालत म्हणाला, "मामाजी तर काई बोलले नाई." मी म्हणालो, "अहो, ते कामठीला आहेत!" तो म्हणाला, "तेच तं म्हणतो. पाणी जाणार असतं तं मामाजी गेले असते का?" या युक्तिवादापुढे माझी पदवी फिकी पडली. मीही घागर भरली नाही. दुसऱ्या दिवशी सबंध गल्ली कोरडी ठणठणीत. मी सोड्याची बाटली फोडून दाढी केली आणि गालावर चुरचुरणारा फेस घेऊन कचेरीत गेलो. संध्याकाळी मामाजी परतले ते सगळ्यांवर उखडले. "भोंगा खोटा बोलते का? मी काय आकाशवाणी आहो?" असं बोलत होते खरे, पण मिशीखालून हसत होते.

मग एका मे महिन्यातली गोष्ट. नागपूरचा मे म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून पटायचं नाही. सुट्टीचा दिवस, भर दुपार, खिडक्यांना ओले पडदे, सगळी गल्ली झोपलेली. अचानक मागच्या एका टालीतल्या भुशाच्या ढिगानं पेट घेतला. आम्ही बाहेर धावलो तो टालीच्या भिंतीवरून ज्वाळा डोकावत होत्या. गल्लीच्या पार टोकाला, भिंतीला भिंत लावून, पापडवाल्या काकूंची खोली होती. एकटी विधवा बाई, पापड लाटून पोट भरायची. तिला सोनारानं हात धरून बाहेर काढलं. तेवढ्यात घंटा वाजवत आगीचा बंब आला. इतक्या लवकर आला की आम्ही सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या. मामाजी ओट्यावर ताठ उभे राहून दोन्ही हात वर करून ओरडत होते, "बंब आला! बाजूले व्हा रे! बंब आला!"

बंबानं तोंड आत घातलं आणि मागचं चाक ओट्याच्या काळ्या दगडाला लागलं. ड्रायव्हरनं मागे घेतला, पुन्हा वळवला, पुन्हा लागलं. जवान खाली उड्या टाकून पाइप घेऊन पायीच पळाले. ओट्यांतून, पायऱ्यांतून वळसे घेत तो पाइप गल्लीच्या टोकापर्यंत पुरेना. त्याला दुसरा जोडेपर्यंत काकूंच्या खोलीचं छप्पर खाली आलं. आग विझली, पण खोली गेली. वाळत घातलेले पापड काळे होऊन हवेत उडत होते, आणि त्यातला एक माझ्या खांद्यावर येऊन बसला. काकू रडल्या नाहीत. रस्त्यात बसून नुसत्या त्या पापडांकडे बघत राहिल्या. मामींनी त्यांना उठवून आपल्या घरी नेलं.

त्यानंतर परात वाजली नाही. मामाजी ओट्यावर बसत, पण गप्प. तशात बातमी आली की गल्ली मोजायला कार्पोरेशनची माणसं येऊन गेली, आता ओट्यांवर गदा येणार. गल्लीत हाहाकार उडाला. मी तर हादरलोच. माझ्या ओट्यावर मी नुकतीच शहाबादी फरशी बसवली होती, आणि संध्याकाळी तिच्यावर पाय पसरून बसणं हे माझ्या संसारातलं एकमेव ऐश्वर्य होतं. आम्ही सगळे मामाजींकडे गेलो. सोनार म्हणाला, "मामाजी, तुमची तिथं वट आहे. सांबारवड्या जास्तीच्या न्या, पण ओटे वाचवा." मीही री ओढली, "बंब एखादवेळी येतो मामा, आपण रोज बसतो." मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. लेंगा पाहिला होता तसंच पाहिलं. "जातो उद्या," एवढंच म्हणाले. आम्ही निश्चिंत झालो. मामाजी गेले म्हणजे काम झालंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परात वाजली. असे टोले आम्ही कधी ऐकले नव्हते, संथ नाहीत, भरभर नाहीत, नुसते सारखे पडत राहिलेले. गल्ली गोळा झाली. मामाजी ओट्यावर उभे राहिले आणि नळाची वेळ सांगावी तशा आवाजात म्हणाले, "उद्या सकाळी कार्पोरेशनचे लोक येऊन राहिले. गल्लीतले सगळे ओटे निघतीन. पयला माहा. मीच सांगून आलो."

सगळ्यांत आधी सोनार उसळला. "काय गा मामाजी, तुमाले ओटे वाचवाले पाठवलं का तोडाले? घरचेच असे निघाले तं दुश्मन कायले पायजे?" आणखी कोणी काही बोललं, कोणी बोटं मोडली. मग मी पुढे झालो, जावयाच्या नात्यानं. "मामा, अहो, निदान आम्हाला विचारायचं तरी. असं काहून केलं तुम्ही?" माझ्या नाशिककडच्या तोंडून 'काहून' गेलेलं ऐकून एरवी ते हसले असते.

"जवाईबापू," ते म्हणाले, "बंब कुठे अटकला होता?"

माझी नजर त्यांच्या पायाखालच्या काळ्या दगडाकडे गेली.

"ह्याच ओट्याले. अन् मी ह्याच ओट्यावर उभा राहून वरडून राहिलो होतो, बंब आला, बंब आला. साऱ्या गल्लीले बाजूले व्हा म्हणत होतो. मी काई बाजूले झालो नाई." त्यांनी घराच्या दाराकडे पाहिलं. आत काकू मामींबरोबर तांदूळ निवडत होत्या. "ते बाई मले एक शब्द बोलली नाई. बोलली असती तं बरं झालं असतं."

सोनार मान खाली घालून पायानं माती उकरत राहिला. माणसं एकेक करून पांगली.

सकाळी मी उठून पाहतो तर मामाजी ओटा धूत होते. बादलीवर बादली ओतून, नारळाच्या शेंडीनं दगड घासत होते, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालावी तसे. आता तासाभरात जो फुटायचा, तो ओटा धुणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. कामगार आले. सगळे त्यांच्या ओळखीचे, कधी ना कधी त्या ओट्यावर चहा प्यायलेले. त्यांचा मुकादम पहार हातात घेऊन घुटमळला. "मामाजी, तिकडून सुरू करतो, तुमचा शेवटी." मामाजी म्हणाले, "इथूनच कर गा. गाडी इकडूनच येते." सगळ्यांना चहा झाला. पहिला घाव पडला तसे मामाजी वळून घरात गेले आणि काळी कड निघेपर्यंत बाहेर आले नाहीत. मात्र तो आवाज संपायच्या आत दुसरा आवाज सुरू झाला. समोर सोनार धोतर खोचून स्वतःच आपल्या पायऱ्या उखडत होता, तोंडानं शिव्या चालू, पण हात थांबत नव्हते. माझी शहाबादी फरशी दुपारी निघाली. ती सबंध निघावी म्हणून मी किती तरी सूचना केल्या. तिचे तुकडे झाले.

चार दिवसांनी बंब गल्लीत आणून पाहिला. रिकामाच, घंटा न वाजवता, सावकाश, वळणावरून सरळ आत शिरला आणि काकूंच्या नव्यानं शाकारलेल्या खोलीपर्यंत जाऊन उभा राहिला. काकूंनी त्याच्या चाकावर हळदकुंकू वाहिलं. ड्रायव्हर बिचारा लाजला. मामाजी आपल्या उंबऱ्यात उभे होते. बाहेर टेकायला जागा नव्हती आणि आत जाववत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी घराच्या दारातून पाहत होतो. गल्ली एकदम रुंद, उजेडाची आणि परकी वाटत होती. कामावरून परतणारी माणसं मामाजींच्या दारावरून जात होती. पूर्वी तिथं प्रत्येक जण टेकायचा, पाण्याचं, दिव्याचं, पोरांच्या लशीचं विचारायचा. आता कोणी "काय मामाजी" म्हणायचा आणि पुढे जायचा, कारण थांबायचं तर कुठं? ते उंबऱ्यात उभे राहून प्रत्येकाला हात करत होते. वळणावर कोणी तरी कोणाला, डास मारायची फवारणी कधी होणार, असं विचारत होतं, आणि ऐकणारा म्हणत होता, "काय माईत गा." मामाजींना नक्कीच माहीत असणार. पण ते ओरडले नाहीत.

मी आत येऊन सौ.ला म्हणालो, "तुझे मामा म्हणजे जगावेगळे बुवा. बसायची जागा आपल्या हातानं घालवली. आता बसतील कुठं?"

ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "उद्यापासून मामाचा सकाळचा चहा आपल्याकडे. अन् तुमची ते खुर्ची बाहेर, रस्त्यावरच टाकत जा. बंब आला तं उचलता येते."