दोरीवरचे फोटो

नंदा माणसांचे फोटो काढते आणि त्या-त्या माणसानं बोललेलं एक वाक्य मी फोटोखाली लिहितो. मग त्याच गावात, देवळाच्या ओवरीत दोरी बांधून प्रदर्शन. शेवटी ज्याचा फोटो त्याच्या हातात. त्यामुळं फोटो गावोगावी राहिले आणि आमच्याकडं साठले ते किस्से. चहाला कुणी भेटलं की एखादा निघतोच.

*

जतच्या माळावर एका मेंढपाळाला नंदानं फोटोसाठी विचारलं.

"मेंढरांचा काढा की ताई," तो म्हणाला.

"मला तुमचाच हवाय."

त्यानं संशयानं कॅमेऱ्याकडं बघितलं. "माझा कशाला? मला कुठं बाजारात न्यायचंय?"

*

कोयनानगरच्या आजी लहानपणीचा भूकंप सांगत होत्या. घर कसं बसलं, आईला ढिगाऱ्यातून कसं ओढून काढलं. ऐकताना माझं लिहायचं राहून गेलं. खोलीत उजेड कमी, म्हणून नंदा हळूच म्हणाली, "आजी, जरा हलू नका हं."

"आमी कुठं हलतोय, बाई? जमीन हलती."

वाक्य मिळालं!

*

आटपाडीत फौजेतून रिटायर झालेले एक सुभेदार. फोटोत खळखळून हसलेले. प्रदर्शनात त्यांची बायको त्या फोटोपुढून हलेना. शेवटी नंदाला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्यास्नी काय सांगून हसवलं वं तुमी?"

"काही नाही काकू. नुसतं त्यांच्याकडं बघितलं."

"मी बी लगीन झाल्यापासनं बघतीच हाय की."

*

कृष्णाकाठच्या एका गावात दोन भावांचे फोटो घेतले, वेगवेगळ्या दिवशी. उसाच्या बांधावरनं त्यांचं बोलणं बंद होतं, हे आम्हाला कुठलं ठाऊक? वाक्य मात्र दोघांनी एकच दिलं : "बांध माझा हाय." आम्ही भाऊ-भाऊ म्हणून फोटो शेजारी-शेजारी लावले. गाव दोन दिवस तेवढंच बघायला येत होतं.

प्रदर्शन उठवताना थोरला आला. दोरीवरनं त्यानं धाकट्याचा फोटो उतरवला.

"दादा, हा तुमच्या भावाचा," मी म्हणालो.

"दिसतंय मला," म्हणाला, आणि पिशवीत घालून गेला.

थोड्या वेळानं धाकटा आला. "माझा कुठाय?"

"तुमच्या दादांनी नेला," नंदा म्हणाली.

दोरीवर थोरल्याचा तेवढा उरला होता. धाकट्यानं स्वतःच दोरीचा चिमटा सोडवला, सदऱ्याच्या बाहीनं काच पुसावी तसा फोटो पुसला.

"मग ह्योच नेतो. घरात खिळा ठोकून आलोय."